हक्काहून कमी

यादीतल्या एकोणिसाव्या ओळीत सुमेधाला स्वतःच्या नवऱ्याचं नाव दिसलं. दोन हजार पाच सालच्या फेब्रुवारीतली गुरुवारची दुपार. खिडकीबाहेर प्लेनोचं कुठल्याच ऋतूचं नसलेलं ऊन पार्किंग लॉटवर पसरलं होतं आणि कीबोर्डशेजारी अर्धं राहिलेलं सँडविच होतं. पांढरीपांडे, उल्हास पी. त्याच्यापुढे गाव, तारीख, आणि सगळ्यांच्या आधी तो नंबर, आर-ई या दोन अक्षरांनी सुरू होणारा. पांढरीपांडे हे आडनाव अख्ख्या टेक्ससमध्ये दुसऱ्या कुणाचं असेल अशी शक्यता जवळजवळ नव्हती. तरी तिने ती शक्यता मिनिटभर धरून ठेवली, कारण तेवढा वेळ तिला हवा होता. मग सँडविच कागदात गुंडाळून तिने कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि उठून खोलीचं दार लावलं. ऑफिसात कुणाला काही कळण्यासारखं नव्हतंच. लग्नानंतरही तिने आपटे हेच नाव ठेवलं होतं, आणि उल्हासला इथे सगळे मिस्टर पांडे म्हणत. फोनवर तो स्वतःही तसंच सांगे. पंधरा वर्षांत त्याने एकाही अमेरिकन माणसाला आपलं आडनाव पुरतं उच्चारायला लावलं नव्हतं. "त्यांना त्रास कशाला," असं म्हणायचा. विमानतळावरून घरी येताना पहिल्यांदा तो असं म्हणाला तेव्हाच सुमेधाच्या मनात काहीतरी थोडंसं आक्रसलं होतं, आणि नंतर ते कधी पूर्ववत झालं नाही.

पेटंटांची ती यादी ग्लेनमुळे करावी लागली होती. ग्लेन तिचा बॉस. या भागात उद्योग यावेत म्हणून चालवलेल्या एका मंडळाचा डायरेक्टर. मंडळ दर दोन वर्षांनी एक जाड, गुळगुळीत कागदाचा रिपोर्ट काढायचं, त्यात कुठल्या काउंटीत किती पेटंटं निघाली ते मोजलेलं असायचं, आणि मोजण्याचं काम सुमेधाचं. टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या बुडाल्या त्याला आता तीन-चार वर्षं झाली होती. हायवेच्या दोन्ही बाजूंच्या काचेच्या इमारतींवर भाड्याने देण्याच्या पाट्या लागल्या होत्या, आणि पेटंटांचा आलेख दर वर्षी एकेक पायरी खाली उतरत होता. जानेवारीत ग्लेन तिच्या दारात उभा राहून म्हणाला, "रीइश्यू धरतो का आपण?" धरत नव्हते. रीइश्यू म्हणजे एकदा मिळालेलं पेटंट सरकारला परत करायचं, त्यात चूक राहून गेली होती असं शपथेवर लिहून द्यायचं, आणि दुरुस्त करून तेच पुन्हा घ्यायचं. नवं काही शोधलेलं नसतं. "पण विचार कर ना," ग्लेन म्हणाला, "जिच्यात दम नाही अशी वस्तू कोण दुरुस्त करत बसेल? कंपनीला त्या कल्पनेत अजून काहीतरी दिसतंय, म्हणूनच ना? हेही इनोव्हेशनचं मापच आहे." या गावात लोक घराला नवा रंग देतात तो घर विकायला काढल्यावर, असं सुमेधाच्या मनात आलं. ती एवढंच म्हणाली, की बुडालेल्या कंपन्यांची पेटंटं ज्यांनी स्वस्तात उचलली त्यांच्यातलेच बरेच जण ती दुरुस्त करून घेताहेत, म्हणजे मग दुसऱ्यांवर खटले भरता येतात. ग्लेनने समजूतदारपणे मान डोलावली. "तू एक फूटनोट टाक," तो म्हणाला. त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीला फूटनोटीएवढीच जागा लागायची. सुमेधाने फूटनोट टाकली, आठ पॉइंटच्या बारीक अक्षरांत, आणि ती टाकताना तिला स्वतःचाही जो तिटकारा आला तो ग्लेनच्या तिटकाऱ्यात मिसळून टाकला. तशी तिला सवय होती.

माणसांना तुच्छ लेखणं हे तिने वडिलांकडून उचललं होतं. ते सांगलीला कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायचे. जेवताना कुणी काही विधान केलं की मान वर न करता "पुरावा?" एवढंच विचारायचे. हळूहळू घरात विधानं होईनाशी झाली. आई फक्त वाढायची. सुमेधाला ते आवडायचं, कारण घरात ती एकटीच पुरावा घेऊन जेवायला बसायची. प्लेनोत आल्यावर तिला पुराव्यांचा तुटवडा कधी पडला नाही. मराठी मंडळाच्या गणपतीला, पाच-पाच बेडरूमच्या घरांत, दाराशी बुटांचा ढीग आणि आत तीच माणसं. कामावरून काढलेले सगळे तेव्हा "सध्या कन्सल्टिंग करतोय" म्हणायचे. एकाने घरं विकायचं लायसन्स काढलं होतं, आणि आरती चालू असताना तो छताच्या कोपऱ्यांकडे बघत असायचा. डॉक्टर काकांच्या बायको वसुधाकाकू, या गावात सगळ्यांच्या आधी आलेल्या, प्रत्येकीच्या खांद्यावर हात ठेवून "कसं चाललंय गं?" असं विचारत, आणि निघताना सुमेधाच्या हातात बळेच पुरणपोळ्यांचा डबा देत. तो डबा सुमेधा गाडीत मागच्या सीटखाली ठेवायची आणि दोन दिवस विसरायची. या सगळ्यांत उल्हास एकटा असा, की हातात ताटली घेऊन, अगदी हवापाण्यावर बोलावं तसा, "सध्या घरीच आहे" म्हणायचा. इतरांचं खोटं तिला हास्यास्पद वाटायचं. त्याच्या खऱ्याने मात्र तिचे कान तापायचे.

तिने पेटंट ऑफिसच्या साइटवर नंबर टाकला. अलीकडे अशा फायली घरबसल्या बघायला मिळत. पानं एकेक करून उघडत होती. मूळ पेटंट नोव्हेंबर दोन हजारचं. ते तिला माहीत होतं, त्याची पितळी पाटी बेडरूमच्या कपाटात स्वेटरांच्या मागे होती. कंपनी दुसऱ्या वर्षीच्या अखेरीस कोसळली, उल्हासला एप्रिल दोन हजार दोनमध्ये काढलं. आणि रीइश्यूचा अर्ज त्याच ऑक्टोबरचा, कंपनीचे अवशेष विकत घेणाऱ्या कुणातरी भलत्याच नावाच्या फर्मने केलेला. अर्जासोबत शोधकाचं शपथपत्र. खाली उल्हासची सही, ती शाळकरी, प्रत्येक अक्षर सुटं लिहिलेली सही. तारीख सोळा ऑक्टोबर.

सोळा ऑक्टोबर. तिला तो दिवस आठवायला कॅलेंडर लागलं नाही. सहा महिने तो घरी होता. तो पोळ्या करायला शिकला होता, मुलीला, वैदेहीला, शाळेतून आणायचा, गवत कापायचा, आणि दुपारी कंप्युटरपुढे बसून चारशे ठिकाणी रेझ्युमे पाठवायचा. मग त्या बुधवारी सकाळी तो इस्त्रीचा निळा शर्ट आणि टाय घालून खाली आला. "डॅलसला इंटरव्ह्यू आहे," म्हणाला. संध्याकाळी परतला तेव्हा चेहऱ्यावर काहीतरी असं होतं, की तिने बऱ्याच महिन्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "चांगला झाला. फार नीट वागले. कॉन्फरन्स रूममध्ये बसवलं, कॉफी विचारली." तिने त्या रात्री शिरा केला. वैदेही म्हणाली, "सो डिड यू गेट इट, बाबा?" तो म्हणाला, "बघू." मग आठवडा गेला, दोन गेले, फोन आला नाही. तिसऱ्या आठवड्यात सुमेधाने विचारलं, तू त्यांना फोन का करत नाहीस? बरं नाही दिसत, तो म्हणाला. तेव्हा ती जे बोलली ते तिला आता शब्दशः आठवत नव्हतं. फक्त आपला आवाज आठवत होता, अगदी शांत, आणि वैदेही आपली ताटली घेऊन वर निघून गेली होती ते. महिनाभराने त्याने एका शॉपिंग सेंटरमधल्या शिकवणी वर्गात मुलांना बीजगणित शिकवायची नोकरी धरली. ती त्याच्याकडे अजून होती.

म्हणजे इंटरव्ह्यू नव्हताच. तिने शपथपत्र वाचलं. अर्धं पान छापील कायद्याची भाषा, आणि मधे ते वाक्य: मूळ पेटंटात मला जेवढं मागण्याचा हक्क होता त्याहून मी कमी मागितलं, आणि ही चूक फसवण्याचा कोणताही हेतू नसताना झाली. तिने ते पुन्हा वाचलं. या माणसाचं याहून अचूक वर्णन कुणी केलं नसतं, असं तिला वाटलं, आणि ओठांच्या कडेला हसू आलं. मग तिने पुढच्या पानावरचे नवे दावे, म्हणजे शोधातलं काय काय आपलं हे सांगणारी कलमं, वाचली, आणि हसू तिथेच राहून गेलं.

कारण त्या पेटंटाची गोष्ट तिला ठाऊक होती. टेलिफोनच्या जाळ्यात एखादी तार तुटली की ती तुटली आहे हे क्षणात ओळखायचं, हा शोध उल्हासचा. तुटल्यावर संभाषणं दुसऱ्या कुठल्या वाटेने वळवायची, हे डोकं विष्णूचं. विष्णू साठे, एका कन्सल्टन्सीमार्फत आलेला, उल्हासहून बारा वर्षांनी लहान, शनिवारी त्यांच्याकडे जेवायला यायचा आणि तिला वहिनी म्हणायचा. कंपनीला बाहेरच्या माणसाचं नाव पेटंटावर नको होतं. अठ्ठ्याण्णव साली उल्हासने घरी येऊन सांगितलं होतं, "वकील म्हणतो, दोन्ही तुमच्याच नावाने मागा, सगळं एकाच कागदात आहे. मी म्हटलं, वळवायचं विष्णूचं आहे. त्याचं नाव घालत नसाल तर तो भाग मागू नका." टाय सोडता सोडता तो हे बोलला, आणि चेहरा तिच्याकडे वळवून उभा राहिला. ती वैदेहीचा डबा धूत होती. "तू असाच राहणार," ती म्हणाली होती. "मागतो त्याला मिळतं, उल्हास. इथे कुणी आणून देत नाही." हे एकदाच म्हणाली असती तर गोष्ट वेगळी. कुणाला प्रमोशन मिळालं की, कुणी घर घेतलं की, फोनवर तो "पांडे, पी-ए-एन" असं सांगायला लागला की, ती ते वाक्य म्हणायची. कधी कधी नुसतं बघायची, आणि ते त्याला ऐकू जायचं.

नव्या दाव्यांत वळवण्याचा भाग होता. पहिल्या दाव्यापासून शेवटच्या दाव्यापर्यंत. शोधक एकच, पांढरीपांडे.

शुक्रवारी सकाळी ग्लेनने नाश्त्याला बोलावलेल्या बड्या लोकांसमोर तिने आलेख दाखवला. अंड्याची भुर्जी आणि खरबुजाच्या फोडी असलेल्या ताटल्या घेऊन चाळीस माणसं बसली होती, सगळ्यांच्या छातीवर नावाच्या चिठ्ठ्या. गेल्या वर्षीच्या आकड्यात सत्तावीस रीइश्यू धरल्यामुळे घसरण थांबून रेघ किंचित वर वळली होती. एका बँकवाल्याने विचारलं, या रीइश्यूंमध्ये चूक दुरुस्त करतात म्हणजे नेमकी कसली चूक? ग्लेनने तिच्याकडे पाहिलं. सांगता आलं असतं. सत्ताविसांतल्या एकाबद्दल तरी तिला पक्कं माहीत होतं, की चूक झालेलीच नव्हती. "बहुतेक वेळा दाव्याची व्याप्ती," ती म्हणाली. बँकवाला समाधानाने खरबुजाकडे वळला. किती थोडक्यात भागतं यांचं, असं तिला वाटलं. आपलंही भागलं, हे तिला गाडीत बसल्यावर जाणवलं.

संध्याकाळी उल्हास शिकवणीहून आला तेव्हा ती ओट्याशी उभी होती. शर्टाच्या बाहीवर खडूची पावडर. वैदेही मैत्रिणीकडे गेली होती. सुमेधाने छापून आणलेलं शपथपत्र ओट्यावर ठेवलं. तिला वाटलं होतं तो दचकेल, निदान खाली बसेल. त्याने खिशातून चष्मा काढला, लावला, आणि शेवटपर्यंत वाचलं.

"निघालं का हे," तो म्हणाला. "मला कुणी कळवलं नाही."

"त्या दिवशी तू इंटरव्ह्यूला गेला नव्हतास."

"नाही."

"काय दिलं त्यांनी?"

"कॉफी." मग तो म्हणाला, "नोकरी वगैरे विचारशील, तर नाही. माझ्या लक्षात आलं नाही मागायचं."

तिला हसायला आलं नाही याचं तिलाच नवल वाटलं. "मग का केलीस सही? विष्णूचं काम आहे ते. तूच म्हणाला होतास."

उल्हासने चष्मा काढून हातात घेतला. "त्यांच्या वकिलाचा फोन आला. म्हणाला, मिस्टर पांडे, मूळ शोधकाच्या सहीशिवाय हे होऊच शकत नाही. वुई नीड यू, असं म्हणाला. सहा महिन्यांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं, सुमेधा." त्याने चष्म्याच्या काड्या मिटल्या. "आणि तो कागद वाचला. चुकून कमी मागितलं, असं लिहून द्यायचं होतं. मला वाटलं, खरंच असेल. तू किती वर्षं तेच सांगत होतीस."

त्याच्या बोलण्यात आरोप नव्हता. असता तर तिला सोपं गेलं असतं, आरोपाला उत्तर द्यायची तिला सवय होती. त्याने तिचं वाक्य घेतलं होतं, त्यावर विश्वास ठेवला होता, आणि एका अनोळखी कॉन्फरन्स रूममध्ये टाय लावून बसून त्याखाली सही केली होती. या माणसात आदर करण्यासारखी एक गोष्ट होती, तिला सात वर्षांनी दिसत होतं, आणि तिचीच ती सतत टर उडवत आली होती, आणि शेवटी ती त्याने चूक म्हणून जाहीर करून टाकली. त्याचा राग कुणावर काढावा, हे शोधत तिचं मन ग्लेनकडे गेलं, वकिलाकडे गेलं, मराठी मंडळातल्या त्या घरं विकणाऱ्याकडेसुद्धा गेलं. कुणीच पुरेसं सापडलं नाही.

"विष्णूला माहितेय?" तिने विचारलं. विष्णू त्याच लाटेत नोकरी जाऊन पुण्याला परतला होता. दिवाळीला त्याची ईमेल यायची.

"मी नाही सांगितलं."

"सांग मग."

"काय सांगू?"

"ते मला काय विचारतोस," ती म्हणाली, आणि हे शब्द नेहमीच्याच आवाजात बाहेर पडले हे तिला ऐकू आलं.

शनिवारी सकाळी साडेआठला त्याने फोन लावला. पुण्यात तेव्हा रात्रीचे आठ. वैदेही अजून झोपली होती. सुमेधा टेबलाशी कॉफी घेऊन बसली, तो उभा राहिला, भिंतीकडे तोंड करून. तिला त्याच्या मानेमागचे पांढरे केस दिसत होते. नीट कापलेले नव्हते, कटिंगचे पैसे वाचवायला तो हल्ली ते स्वतःच कापायचा.

"विष्णू, मी उल्हास बोलतोय. हो, हो, सगळे बरे आहेत. अरे, एक सांगायचं होतं. आपलं ते पेटंट. त्यात माझ्याकडून चूक झाली होती असं मी लिहून दिलंय." त्याने फोन दुसऱ्या कानाला घेतला. "ती झाली नव्हती. ते तुझंच होतं. ते तुझं आहे हे मला सही करतानाही ठाऊक होतं. मी आता त्यांना तसं पत्र लिहिणार आहे. त्याचा काय उपयोग होईल, माहीत नाही. पण ते पत्र तुझ्याकडेही असू दे."

मग तो बराच वेळ नुसतं ऐकत होता. मधेच "नाही रे," म्हणाला. एकदा "असं नको म्हणू," म्हणाला. सुमेधाने कप दोन्ही हातांनी धरला होता. विष्णू ओरडत असावा, अशी तिची अपेक्षा होती. खरं तर तशी इच्छाच होती. कुणीतरी या माणसावर हक्काने ओरडावं. पण पलीकडून येणारा बारीक आवाज संथ होता, समजूत घालणारा, आजारी माणसाशी बोलावा तसा.

उल्हासने फोन ठेवला आणि वळला.

"त्याला माहीत होतं," तो म्हणाला. "त्याच वर्षी कळलं होतं, अर्ज लागला तेव्हा. जुन्या ऑफिसातल्या कुणीतरी दाखवला."

"आणि काही बोलला नाही? दोन वर्षं?"

"म्हणाला, तुम्हाला तेव्हा गरज होती, उल्हासदा, म्हणून सोडून दिलं." तो थोडा घुटमळला. पुढचं सांगावं की नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. "आणि म्हणाला, वहिनींना सांगा, मनाला लावून घेऊ नका. तेव्हा तुमच्या घरी काय चाललं होतं ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं."

"सगळ्यांना म्हणजे?"

"विष्णूला. आणखी इथले. वसुधाकाकू वगैरे."

सुमेधाने कप खाली ठेवला. तिच्या डोळ्यांपुढून दाराशी बुटांचे ढीग असलेली ती सगळी घरं गेली, आणि त्या घरांतली माणसं, ज्यांच्याकडे ती इतकी वर्षं बघत आली होती. ती बघत होती तेव्हा तेही बघत होते, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. कुणी मान वेळावली नव्हती, कुणी टोमणा मारला नव्हता. ते तिच्याशी हळू बोलायचे. तिला वाटायचं, तिला बिचकतात.

"काय चाललं होतं आपल्या घरी?" तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. हिला कितपत सोसवेल याचा तो अंदाज घेत होता. मग त्याने खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसला.